खांद्यावरची झीज

“या सगळ्यांना एकाच बाणाने मारलं का हो?”

दिग्दर्शकांनी हे विचारलं तेव्हा आमच्या कारखान्याच्या हॉलमध्ये सैनिकांचे डगले ओळीने टांगलेले होते. प्रत्येकाला डाव्या बरगडीखाली एक फाटलेली जागा. प्रत्येकाच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून चार बोटं वर, एक मातकट डाग. गळ्याचा मळसुद्धा सगळ्यांना सारखाच. मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं, पण हसू आलं नाही. चूक माझीच होती.

आमचे मालक शेजारी उभे होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घरात ते तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, आणि राग आला की तेलुगूत गप्प बसतात, असं कारखान्यातले लोक म्हणतात. अण्णा तेलुगूत गप्प बसले होते.

मी सोलापुरातल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात पॅटर्न मास्टर आहे. पॅटर्न म्हणजे जाड कागदाचा साचा. तो कापडाच्या थप्पीवर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि सगळी थप्पी एकदम कापायची. शाळांचे गणवेश, वॉचमनचे कपडे, हॉस्पिटलच्या स्टाफचे कपडे, असा आमचा माल. चांगल्या युनिफॉर्मची परीक्षा एकच. माणसं ओळीत उभी केली की एकाचा कपडा दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसता कामा नये. आयुष्यभर मी हेच केलं.

मग पुण्याच्या एका कंपनीकडून ही वेगळीच ऑर्डर आली. वेब सिरीज होती. गोष्ट एका काल्पनिक राज्याची, कुठल्याच नकाशावर नसलेल्या. पण किल्ले, खिंडी, घोडदळ, रसद लुटणं, हे सगळं आपल्याकडच्या जुन्या लढायांवरून घेतलेलं. कॉस्च्युमचं काम ऋता मॅडमकडे होतं. वय माझ्या मुलीएवढं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “सर, इतिहासाची नक्कल नको, पण खोटंही वाटायला नको. शिपाई गरीब आहेत. त्यांच्याकडे लोखंडी चिलखत नाही. तुम्ही काय घालाल त्यांना?”

इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. शाळा रंग सांगतात, कंपन्या लोगो पाठवतात. मी मन लावून कामाला लागलो. पूर्वी साधे शिपाई कापसाचे जाड डगले घालत, एवढं मला माहीत होतं. कापडाचे थर एकावर एक ठेवून जवळजवळ टाके घालायचे, म्हणजे वार थरांतच अडकतो. तसाच गुडघ्यापर्यंतचा डगला मी काढला. आतल्या थरांसाठी विणताना खराब झालेल्या, विक्रीला न गेलेल्या चादरी घेतल्या. सोलापुरात त्यांना तोटा नाही. ढालीचा पट्टा रुतू नये म्हणून खांद्यांवर थर दुप्पट केले. हुद्दा टाक्यांवरून ओळखायचा. शिपायाच्या खांद्यावर रंगीत टाक्यांची एक ओळ, नाईकाच्या दोन, वर चढत जाईल तसतशा जास्त.

ऋता मॅडमनी सॅम्पल उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, हे राज्य खरंच असतं ना, तर तुम्ही तिथलेच निघाला असता.”

हे घरी जाऊन सांगावंसं वाटलं. पण घरी कुणी नव्हतं.

माझी बायको सुषमा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, ती नात चालायला लागली तरी तिथेच आहे. भांडण झालेलं नाही. मी ‘परत ये’ म्हणालो नाही, आणि तिने ‘येऊ का’ विचारलं नाही. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा सीझन असतो. दर मे महिन्यात ती मुलीला घेऊन करकंबला, माहेरी, एकटीच जायची. ‘तुम्ही चला की’ असं काही वर्षं म्हणाली, मग म्हणायची थांबली. आता मी तिला कुठल्या तोंडाने ये म्हणू, या विचारात दिवस गेले आणि मग विचारही सवयीचा झाला.

डगले शिवून झाले आणि एजिंगचं काम आलं. एजिंग म्हणजे नवा कपडा जुना दिसेल असा करणं. त्यासाठी कपडा चहाच्या पाण्यात बुडवतात, तारेच्या ब्रशने घासतात, पॉलिश पेपर मारतात. हे मी पूर्वी कधी केलं नव्हतं. मी काय केलं, तर जाड कागद घेतला आणि झिजेचाही पॅटर्न कापला. फाटण्याची जागा, डागाची जागा, मळाची जागा, सगळीकडे भोकं पाडली आणि माणसं कामाला लावली. माल एकसारखा निघाला. मी तपासला, पास केला. मला त्याचा अभिमानही वाटला.

“क्षीरसागर,” अण्णा शेवटी बोलले, “तुम्ही लढाईचा पण युनिफॉर्म केला की हो.”

दिग्दर्शक भले गृहस्थ. म्हणाले, “मागच्या रांगेत हे चालवून घेऊ. पण पुढच्या रांगेतले लोक कॅमेऱ्याजवळ येतात. त्यांचे कपडे तरी कुणीतरी घातलेले वाटू देत.”

पुढच्या रांगेसाठी नवे डगले शिवायला वेळ होता. पण ते जुने कसे करायचे?

तशी झीज मला वाचता येते. शाळांकडून तक्रारीचे कपडे परत येतात, ते मीच तपासतो. पहिल्या बाकावरच्या मुलाचे कोपर आधी जातात, मागच्या बाकावरच्याची बसायची जागा. खुर्चीवर बसणाऱ्या वॉचमनची पँट मागे चकाकते, उभ्या वॉचमनची टाचेपाशी फाटते. तेव्हा मला वाटलं, झीज वरून लावायचीच नाही. कुणाकडून तरी करून घ्यायची. सैनिक म्हणजे शेवटी ओझं घेऊन चालणारा माणूस. अशी माणसं आमच्याकडे मार्केट यार्डात आहेत. कांद्याचा मोसम नुकताच सुरू होत होता.

हमालांचे मुकादम भीमराव. त्यांनी डगला हातात धरून लांबवर नेला, परत जवळ आणला.

“ह्यो घालून आमी दिसनार काय, मास्तर? दरवेशी?”

“सैनिक.”

“मंग लढाई कुणासंगं? आडत्यासंगं?”

भोवतीचे सगळे हसले. मी म्हणालो, “काही वेगळं करायचं नाही. रोजचंच काम, फक्त हा घालून. आणि धुवायचा नाही.”

“धुवायचा न्हाय? अवो, कांद्याच्या वासानं आदीच घरात कुनी जवळ बसू देत न्हाय. आता ह्यो घामाचा डगला घालून गेलो तर बायकू म्हनंल, जावा तिकडंच लढाईवर.”

एक जण हसला नव्हता. सिद्धप्पा त्यांचं नाव. अक्कलकोटच्या पलीकडचे, घरी कन्नड बोलणारे, माझ्याच वयाचे. ओझ्यामुळे त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. त्यांनी डगल्याचा खांदा दोन बोटांत धरून दाबून पाहिला.

“जाड हाय की,” एवढंच म्हणाले.

कामाचा मोबदला अण्णांनी ठरवून दिला, त्यात काही वाद नव्हता. पण निघताना भीमरावांनी विचारलं, “मंग हे डगलं आमालाच का?” मी म्हणालो, “घ्या, वापरा.” हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. परत द्यायचे आहेत असं सांगितलं तर लोक जपून वापरतील, आणि जपून वापरलेला कपडा मला नको होता. म्हणून मी तेवढं वाक्य गिळलं. ते गिळताना मला कळत होतं.

मी रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी यार्डात जाऊ लागलो. सुरुवातीला डगले पुठ्ठ्यासारखे ताठ होते. पण बाजार अजून थंड होता, गाड्या कमी, त्यामुळे लोकांनी ते बेताबेताने अंगवळणी पाडले. हळूहळू प्रत्येक डगला वेगळा होत गेला. कुणाचा पाठीवर उसवला, कुणाचा कमरेशी गुंडाळी होऊन चुरगळला. तंबाखू चोळणाऱ्याच्या डगल्याला डावीकडे, हात पुसायच्या जागी, काळपट पट्टा आला. असा पट्टा कागदात भोक पाडून मला दहा जन्मांत सुचला नसता.

सिद्धप्पांच्या डगल्याचा उजवा खांदा तर आतून आकार घेत होता. गाठीच्या जागी थर दबून वाटीसारखा खड्डा पडला होता आणि वरचं कापड मऊ, पांढुरकं झालं होतं. लोक त्यांना ‘सरदार’ म्हणायला लागले होते. “ए सरदार, तलवार कुटं इसारली?” असं कुणी ओरडलं की ते गोणीत अडकवायचा लोखंडी आकडा वर करून दाखवायचे.

एकदा चहा घेताना म्हणाले, “मास्तर, खांदा ठणकायचा ऱ्हायला बगा. लई दिसांनी झोप लागतीया.”

मी म्हणालो, “छान झालं.” आणि घाईने चहा संपवला.

खरं सांगायचं तर मला त्या सकाळी आवडू लागल्या होत्या. दिवसाचं पहिलं वाक्य मी कुणाशी तरी बोलत होतो. तोपर्यंत ते कारखान्याच्या गेटवर, हजेरीच्या मशीनशी व्हायचं.

ठरल्या दिवशी ऋता मॅडम टेम्पो घेऊन यार्डात आल्या. डगले परत घ्यायचे आहेत, हे मला तेव्हा सगळ्यांसमोर सांगावं लागलं. मग भीमराव म्हणाले, “व्हय का. आमाला वाटलं, दिलं म्हंजी दिलं.” आणि त्यांनीच पहिला डगला काढून टेम्पोत टाकला.

ऋता मॅडम सिद्धप्पांपाशी थांबल्या. सेनापतीसाठी मी वेगळा, रेशमी काठाचा डगला शिवला होता. दिग्दर्शकांनी तो नाकारला होता. हा माणूस लढलेला वाटत नाही, म्हणाले होते. मॅडमनी सिद्धप्पांच्या खांद्यावरून हात फिरवला.

“सर, हाच. सेनापतीचा हाच. फक्त टाक्यांच्या ओळी वाढवा.”

सिद्धप्पांनी डगला काढला. इतरांनी आपले फेकले होते, त्यांनी मात्र घडी घातली. मग माझ्या हातात देताना विचारलं, “मास्तर, आता खांद्याला काय?”

“तुम्हाला नवा शिवून देतो,” मी म्हणालो. “आठवड्यात देतो.”

“बरं,” ते म्हणाले, आणि शेजारचं रिकामं पोतं घडी करून खांद्यावर टाकलं.

शूटिंग झालं. दिग्दर्शकांचा फोन आला, अण्णा खूश झाले, ऋता मॅडमनी फोटो पाठवला. सेनापती झालेला नट घोड्यावर बसला होता. उजव्या खांद्यावर उजेड पडला होता. एवढा उमदा माणूस, पण डगल्यातला खड्डा रिकामा होता. त्याच्या खांद्यावर तिथे बसण्यासारखं काही नव्हतं. हे पाहणाऱ्याला कळणार नाही. मला कळलं, आणि फोटो परत उघडावासा वाटला नाही.

सिद्धप्पांचा नवा डगला मी रविवारी, कारखाना बंद असताना, स्वतः शिवला. खांद्याला आणखी एक थर दिला. सोमवारी सकाळी यार्डात घेऊन गेलो. आता मोसम भरात होता. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, कुणाला मान वर करायला सवड नव्हती. सिद्धप्पांनी डगला घातला, गोणी उचलली, चार पावलं टाकली आणि गोणी खांद्यावरून सुटली. फुटली नाही, पण पायाजवळ पडली.

“यप्पा! फळी हाय का काय ही?”

“पहिलाही असाच होता,” मी म्हणालो.

“तवा बाजार थंड व्हता, मास्तर. सावकाश ताठपना मोडला त्याचा. आता ह्यो मोडत बसलो तर पाय मोडंल माजा.”

भीमराव वहीत नजर ठेवूनच म्हणाले, “मास्तर, तुमच्या सेनापतीचा डगला आमी मोडून दिला. आता आमच्या सरदाराचा तुमी मोडून द्या की.”

हशा झाला. सिद्धप्पा म्हणाले, “चेष्टा करतोय त्यो. ठिवा तितं, मोसम सरल्यावर बगू.”

पण मोसम सरेपर्यंत त्या खांद्यावर पोत्याची घडीच राहणार होती. मी डगला उचलला आणि म्हणालो, “मी मोडून आणतो.”

त्या दिवसापासून कामावरून आलो की मी डगला घालायचो. जुळे सोलापुरात आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पहिल्यांदा दूध आणायला तसाच खाली उतरलो, तर सोसायटीच्या वॉचमनने उठून सॅल्यूट ठोकला. त्याचा युनिफॉर्म आमच्याच कारखान्याचा. दोघेही आपापल्या गणवेशात क्षणभर उभे राहिलो. त्यानंतर मी दूध सकाळीच आणून ठेवू लागलो.

घरात डगला घालून मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, जेवलो. सुषमाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हाही तो अंगात होता.

“हे काय घातलंय?” ती म्हणाली.

“मोडतोय. एका हमालाचा आहे.”

“तुमचं काय चाललंय तिकडे?” असं म्हणून ती हसायला लागली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवेना. नातीने तोंड फोनला चिकटवलं आणि ओरडली, “आबा लाजा!”

“राजा नाही गं,” मी म्हणालो, “साधा शिपाई. खांद्यावर एकच ओळ आहे बघ.”

सुषमाने विचारलं, “जेवलात?”

“केव्हाच.”

“मग अजून टेबलापाशीच काय बसलाय?”

“असाच.”

नातीने फोन खाली टाकला आणि मला बराच वेळ त्यांच्या घरातला पंखा दिसत राहिला.

डगला अंगाला बसल्यासारखा वाटू लागला, तेव्हा एका सकाळी मी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि सवयीप्रमाणे वाचला. दोन्ही खांदे कोरे होते. टाक्यांची ओळ काल घातल्यासारखी सरळ. पाठ कोरी. कमरेशी थोडी चुरगळ. झिजले होते ते दोन्ही कोपर. कापड तिथे मऊ, चकचकीत झालं होतं आणि कोपराच्या आतल्या बाजूला खोल चुण्या पडल्या होत्या. टेबलावर कोपर टेकून बराच वेळ बसणाऱ्या माणसाचा कपडा होता तो. पहिल्या बाकावरच्या मुलाचा असतो तसा. फरक इतकाच की मुलासमोर फळा असतो.

कपाटात पॉलिश पेपर होता. खांद्यांवर थोडा फिरवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मी तो बाहेर काढलाही. मग परत ठेवला आणि डगला आहे तसाच घेऊन यार्डात गेलो.

सिद्धप्पांनी खांदा दाबला. “ह्यो तर कोराच हाय की, मास्तर.”

“हो.”

“कोपर तेवढं लई घासलंय. काय काम करता घरात?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बसतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भीमरावांच्या टोमण्याची वाट पाहत होतो. तो आला नाही. त्यांनी पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

सिद्धप्पांनी डगला चढवला, हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. गोणी खांद्यावर तोलायला हात वर, मागे वळवावा लागतो. “हात वळतोय की,” ते म्हणाले. “कोपरात अडकत न्हाय. मागल्या खेपंला हितंच अडकलं व्हतं, म्हनून गोणी सुटली. खांद्याचं मी बगतो.” त्यांनी गोणी उचलली. पहिली चार पावलं मी पाहिली, मग गाड्यांच्या रांगेत ते दिसेनासे झाले.

या कामातून मी दोन गोष्टी शिकलो. झिजेचा पॅटर्न कापता येत नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे, वस्तू परत घ्यायची असेल तर ते देतानाच सांगावं, आणि माणूस परत यावं असं वाटत असेल तर तेही सांगावं. त्याच दिवशी सुषमाला फोन करून म्हणालो, “घरी ये.” ती म्हणाली, “बघू.” सॅम्पल पाहून गिऱ्हाईक म्हणतं तसं. पण आमच्या धंद्यात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ नसतं.

आता भीमरावांनीही एक डगला मागितला आहे. तो मी शिवायला घेतला आहे. मात्र हा मी मोडून देणार नाही, असं त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.